सोयीचं लग्न, पण सोय कुणाची? पेशव्यांच्या प्रेमकथा आणि आपल्या पालघरचे लग्नगडी

आपल्या चळवळीत एक वाक्य फार सहज फेकलं जातं: "आजकालची पोरं वाचतच नाहीत." हे खरं नाही. नवापूर, तारापूर, बोईसर, पालघर या पट्ट्यात कंपनीत पाळीवर जाणाऱ्या मुली, कॉलेजची पोरं, घरी शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका भरपूर वाचतात. फक्त आपण जयंतीला काढलेल्या पुस्तिका वाचत नाहीत, इतकंच. डहाणू लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर त्या प्रेमकथा वाचतात. आणि त्या कथांमध्ये एक प्रकार सगळ्यांत लाडका आहे: सोयीचं लग्न.

साचा ठरलेला. घराणं मोठं, पण कर्जात बुडालेलं. मुलगी मानी, पण हात बांधलेले. नवरा श्रीमंत, करारी, कमी बोलणारा. सरदार, जहागीरदार, संस्थानिक, नाहीतर त्याच थाटाचा उद्योगपती. लग्न होतं ते व्यवहार म्हणून. कुणाला वारस हवा, कुणाला कर्ज फेडायचं, कुणाला तह टिकवायचा. मग तीनशे पानांत दोन परकी माणसं एकमेकांना ओळखू लागतात आणि कागदावरचा करार प्रेमात बदलतो. संपली कथा.

आपल्यातले बरेच कार्यकर्ते यावर हसतात. "भंपक", "टाइमपास", "ब्राह्मणी करमणूक" असे शिक्के मारून मोकळे होतात. माझं म्हणणं वेगळं आहे. या कथा का आवडतात ते आधी नीट समजून घेऊ. त्यानंतर त्या कोणता इतिहास गाळतात ते बघू. कारण गाळलेला इतिहास दुसरीकडे कुठे नाही, आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे.

ही कथा का आवडते?

कारण ती वाचणारीला आपली वाटते. आपल्याकडे बहुतेक मुलींचं लग्न सोयीचंच असतं, फक्त त्याला तसं म्हणत नाहीत. "स्थळ चांगलं आहे", "मुलगा परमनंट आहे", "धाकटीचं अडतंय", "वडिलांची तब्येत बरी नसते" ही सगळी सोयीची भाषा आहे. अर्ध्या तासाच्या पाहण्याच्या कार्यक्रमानंतर एका अनोळखी माणसाबरोबर आयुष्य काढायचं आहे, हे आपल्या मुलींना लहानपणापासून माहीत असतं. सोयीच्या लग्नाची कादंबरी तिला एवढंच सांगते की, तुझ्या मर्जीशिवाय जे सुरू झालं त्यातही तुझी मर्जी एक दिवस विचारली जाईल. तो माणूस थांबेल, तुझं ऐकेल, तुला बरोबरीची मानेल.

ही मागणी मुळीच क्षुद्र नाही. संमती आणि बरोबरी यांचीच ती मागणी आहे. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत हजारो स्त्रियांना हेच सांगितलं होतं. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, आणि लग्नानंतर बाईने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम म्हणून नव्हे, हा त्या भाषणाचा गाभा. म्हणजे मोबाइलवर कथा वाचणाऱ्या मुलीची भूक आणि बाबासाहेबांचा विचार यांत वैर नाही. वैर आहे ते कथेने त्या भुकेला दिलेल्या उत्तराशी.

कादंबरी बरोबरी देते, पण एका माणसाच्या चांगुलपणातून. नवरा भला निघाला म्हणून सगळं ठीक झालं. कायदा बदलत नाही, मालमत्ता बदलत नाही, जात तर दिसतच नाही. बाबासाहेब मात्र बरोबरी कुणाच्या भलेपणावर सोडायला तयार नव्हते. म्हणून तर त्यांनी हिंदू कोड बिल लिहिलं आणि ते अडवलं गेलं तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला.

कर्जातून लग्न : साहेबांच्या देशातली कथा

या प्रकारच्या कथेचं माहेर इंग्लंड. जॉर्जेट हेयर या लेखिकेची 'द कन्व्हीनियंट मॅरेज' ही कादंबरी १९३४ ची. काळ अठराव्या शतकाचा. भावाच्या जुगारामुळे घराणं कर्जात आहे. श्रीमंत उमरावाने मोठ्या बहिणीला मागणी घातली आहे, पण तिचं मन दुसऱ्यावर. मग धाकटी स्वतः उमरावाकडे जाते आणि बहिणीच्या जागी स्वतःला देऊ करते. गोड, हसरी, चलाख कादंबरी आहे. जगभर तिची नक्कल झाली आणि आज मराठी मोबाइल कथेत जो करारी जहागीरदार दिसतो तो त्याच उमरावाचा नातू आहे.

पण त्या काळातला इंग्लंडचा कायदा काय होता? लग्न झालं की बाईची कमाई आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क तिथे १८८२ च्या कायद्याने आला. आणि त्या उमराव वर्गाचा पैसा कुठून येत होता? जमिनीच्या खंडातून, आणि अनेक घराण्यांच्या बाबतीत कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या घामातून. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द केली तेव्हा २ कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर झाली. ती गुलामांना मिळाली नाही, मालकांना मिळाली. हेयरच्या दिवाणखान्यात हा हिशेब कुठेही येत नाही. कथा सोयीच्या लग्नाची, पण त्या सोयीचा खर्च कोण भरतं ते पानाबाहेर.

मुंबई हुंड्यात गेली तेव्हा

आपल्या किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं सोयीचं लग्न म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांचं. १६६१ च्या तहात पोर्तुगालने मुंबई बेट हुंड्यात लिहून दिलं. १६६२ मध्ये लग्न लागलं, १६६५ मध्ये बेटाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. वसई, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू हा आपला भाग मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी तो घेतला.

या लग्नावर इंग्रजीत कादंबऱ्या आहेत. परक्या देशात आलेली एकाकी राणी, रंगेल राजा, तिचं झुरणं. वाचून डोळ्यांत पाणी येतं. पण त्या बेटावर राहणारा कोळी, भंडारी, कुणबी, महार यांना कुणी विचारलं होतं का? एका नवरीबरोबर त्यांची घरं, शेतं, मासेमारीची जागा, सगळं दुसऱ्या मालकाकडे गेलं. राणीच्या एकाकीपणावर पानंच्या पानं. बेटावरच्या माणसांवर ओळही नाही. ऐतिहासिक प्रेमकथेचा हा पहिला नियम लक्षात ठेवा: जो देऊन टाकला जातो तो पात्र होत नाही.

'स्वामी' : डोळे पुसताना काय विसरतो?

आता मराठीकडे येऊ. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ मध्ये आली आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या या कादंबरीवर वाढल्या. पुढे दूरदर्शनवर मालिका झाली, २०१४ मध्ये 'रमा माधव' सिनेमा आला. माधवराव पेशवा आणि रमाबाई यांचं सहजीवन हा या सगळ्याचा प्राण. घराण्यांनी जुळवलेलं लग्न, राज्यकारभाराचं ओझं, काका राघोबादादांची कटकारस्थानं, नवऱ्याचा क्षय, आणि त्यात हळूहळू फुललेलं प्रेम. सोयीच्या लग्नाची मराठी कथा याहून मोठी दुसरी नाही.

देसाईंच्या लेखणीची ताकद मी नाकारत नाही. पण इतिहासाची तारीख बघा. हे लग्न १७५३ मध्ये झालं. माधवराव तेव्हा ८ वर्षांचे, रमाबाई त्याहूनही लहान. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव वारले, वय २७. रमाबाई त्यांच्या चितेवर सती गेल्या. म्हणजे या प्रेमकथेची सुरुवात बालविवाह आणि शेवट सती.

इथे बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध हातात घ्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमरावांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा: जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यामुळे. त्यासाठी जातीतले लग्नाळू पुरुष आणि बायका यांची संख्या जुळलेली राहावी लागते. नवरा मेला की बायको 'जादा' होते. ती जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतला दुसऱ्या मुलीचा नवरा घेईल, दोन्ही धोक्याचं. मग तिला जाळा, नाहीतर सक्तीचं वैधव्य लादा. बायको मेली की पुरुष 'जादा' होतो. त्याला जाळता येत नाही, तर त्याच्यासाठी खालच्या वयातली मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तीन वेगवेगळ्या रूढी नाहीत, जात नावाच्या एकाच यंत्राचे तीन भाग आहेत. आणि बाबासाहेब पुढे म्हणतात की या रूढींचे गोडवे नंतर गायले गेले. आधी गरज, मग तत्त्वज्ञान.

आता 'स्वामी'चा शेवट पुन्हा आठवा. वाचक रडतो कारण त्याला तो प्रेमाचा कळस वाटतो. बाबासाहेबांच्या नजरेने पाहिलं तर तिथे यंत्राचा एक भाग आपलं काम करतोय. रमाबाईंचं माधवरावांवर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. ते असेलही. प्रश्न असा आहे की माधवरावांच्या जागी रमाबाई आधी गेल्या असत्या तर ते चितेवर चढले असते का? दुसऱ्या लग्नाची तयारी झाली असती. जे प्रेम एकाच बाजूने जाळतं त्याला प्रेम एवढंच नाव पुरत नाही. १८२९ मध्ये बेंटिंकने सतीबंदी केली, तरी १९८७ मध्ये राजस्थानातल्या देवराला गावी एक तरुण विधवा जाळली गेली आणि तिच्या नावाने हजारोंची गर्दी जमली. त्यानंतर सतीचं उदात्तीकरण हाच गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. त्या गर्दीला चितेत पावित्र्य दिसलं ते काही एका दिवसात नाही. ते शिकवायला पोथ्या असतात, आणि गोड कादंबऱ्याही असतात.

बाजीराव-मस्तानी : जात कुठे उभी राहते

ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची. इथे सोय राजकीय. १७२९ मध्ये बुंदेलखंडात छत्रसाल मोहम्मदखान बंगशाच्या वेढ्यात अडकले, बाजीरावांनी सोडवलं, बदल्यात मुलुखाचा वाटा मिळाला आणि मस्तानी मिळाली. दोन राज्यांच्या सोयीतून आलेली बाई पुढे बाजीरावांच्या जिवाची झाली. ही कथा लोकांना का आवडते ते उघड आहे: प्रेमाने जातधर्माची भिंत ओलांडली.

पण भिंत पडली का? त्यांच्या मुलाची मुंज करायला पुण्याचे ब्रह्मवृंद तयार झाले नाहीत. पेशवा म्हणजे राज्याचा मालक. अटकेपर्यंत दरारा असलेलं घराणं. त्या घराण्याच्या कर्त्यालाही स्वतःच्या पोराला आपल्या जातीत आणता आलं नाही. तो शमशेर बहादूर म्हणून मुसलमान वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतात पेशव्यांसाठीच लढून जखमी होऊन मेला. मस्तानीची कबर पाबळला आहे.

यातून धडा काय? एका जोडप्याचं प्रेम कितीही मोठं असो, जात त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवते आणि स्वतः शाबूत राहते. म्हणूनच 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेब आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हणतात आणि लगेच सांगतात की लोक तो का करत नाहीत याचं मूळ धर्मशास्त्रांच्या पावित्र्यात आहे. आज सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) इथल्या आपल्या पोरांच्या प्रेताजवळ उभं राहून विचारा: बाजीराव-मस्तानीवर टाळ्या वाजवणारा समाज आपल्या मुलीने दलित मुलाकडे पाहिलं की काय करतो? पडद्यावर ओलांडलेली भिंत त्याला चालते. गावात चालत नाही.

लग्नातून कर्ज : आपल्या जिल्ह्याची कथा

आणि आता ती गोष्ट, जी कुठल्याही प्रेमकादंबरीत नाही.

हेयरच्या कादंबरीत कर्जातून लग्न होतं. आपल्या डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात लग्नातून कर्ज होत होतं. वारली तरुणाला लग्न करायचं तर देज, दारू, जेवण, भगत यांचा खर्च. हातात पैसा कधीच नाही, कारण जमीन सावकाराने बळकावलेली. मग तो त्याच जमीनदाराकडे जायचा. शे-दोनशे रुपये उचलायचा. त्या बदल्यात कर्ज फिटेपर्यंत त्याने मालकाकडे राबायचं. त्याने एकट्याने नाही. जिच्याशी लग्न केलं तिनेही. मजुरी नाही, दोन वेळचं कसंबसं खाणं. हिशेब मालकाच्या वहीत, आणि वाचता येणारा एकटा मालक. कर्ज फिटत नसे. बाप मेला की मुलावर येई. मालक आपला माणूस दुसऱ्याकडे कामाला लावी. आणि त्या तरुण बायकोवर मालकाचा हात पडला तर दाद कुणाकडे मागायची?

अशा माणसाला नाव होतं: लग्नगडी. शब्द नीट ऐका. लग्नामुळे झालेला गडी. आमच्या जिल्ह्यात लग्न हे गुलामीत शिरण्याचं दार होतं. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३० च्या दशकाअखेरच्या अहवालातही लग्नाच्या कर्जापायी होणाऱ्या या गुलामीची नोंद आहे. सरकारला माहीत होतं. अहवाल फायलीत गेला.

हेही सोयीचं लग्नच. फक्त सोय जमीनदाराची. एका कर्जात त्याला दोन राबणारे मिळाले आणि पुढे त्यांची पोरंही.

ही साखळी तोडली ती वारल्यांनी स्वतः. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे तलासरीजवळच्या झरी गावचा माह्या धांगडा गेला आणि आपल्याकडची परिस्थिती सांगून आला. २३ मे १९४५ रोजी झरीला हजारो वारली जमले आणि ठरलं: वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय कामावर जायचं नाही. मग लोक लाल झेंडा घेऊन गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना मालकांच्या वाड्यातून मोकळं केलं. कोर्टाचा हुकूम नाही, कायदा नाही. "तू आता मोकळा" एवढंच. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी शहीद झाले. लढा थांबला नाही.

याचा इतिहास गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये लिहिला. काही मित्र म्हणतील, त्या ब्राह्मण, कम्युनिस्ट, त्यांचं आपल्याला काय? दोन गोष्टी सांगतो. त्यांचे पती शामराव परुळेकर हे १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधिमंडळात निवडून आले होते आणि जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा जो मोर्चा मुंबईत निघाला त्यात ते बाबासाहेबांबरोबर होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, मतभेद खरे होते, ते झाकायचं कारण नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लढा वारल्यांचा होता. माह्या धांगडा आणि जेठ्या गांगड यांची नावं आपल्या जयंतीच्या फलकावर का नसावीत? कोकणात खोताच्या दारात वेठ करणारा महार आणि डहाणूत सावकाराच्या दारात राबणारा लग्नगडी, या दोघांच्या पाठीवरचं ओझं सारखंच होतं.

आणि हे संपलं असं समजू नका. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ मध्ये झाला. तरी आजही आपल्या जिल्ह्यातली कातकरी, वारली कुटुंबं लग्नासाठी, आजारपणासाठी मालकाकडून उचल घेतात आणि पावसाळा संपला की नवरा-बायको-पोरं मिळून वीटभट्टीवर ती फेडायला जातात. हिशेबाची वही अजून मालकाच्याच हातात आहे.

आपली लग्नं : सत्यशोधक ते मैसाहेब

इतिहास म्हणजे नुसती गुलामी नव्हे. लग्नाला मुक्तीचं साधन करण्याचा इतिहासही आपलाच आहे, आणि त्यात कादंबरीला पुरून उरेल एवढं नाट्य आहे.

२५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं. भट नाही, मंत्र नाही, खर्च नगण्य. सावित्रीबाई पाठीशी उभ्या. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी गप्प उभी राहत नाही. ती स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते आणि नवरा तिला वचन देतो. सोयीच्या लग्नाच्या कादंबरीत जी संमती तीनशेव्या पानावर मिळते ती इथे पहिल्याच मिनिटाला, सगळ्या गावासमोर मागितली जाते.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न ११ व्या वर्षी झालेलं. मोठी झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८४ ला खटला सुरू झाला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. टिळकांसारखे पुढारी त्यांच्याविरुद्ध उभे होते. पुढे त्या डॉक्टर झाल्या. एवढी कणखर नायिका कुठल्या जहागीरदाराच्या कथेत आहे?

आणि आपली रमाई. दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या भिकू धुत्रे यांची लेक. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या मासळी बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, ओट्यांच्या मधल्या जागेत तिचं भीमरावांशी लग्न लागलं. मंडपाला पैसे नव्हते. सकाळी बाजार भरायच्या आत सगळं आवरायचं होतं. नवापूर-सातपाटीच्या आपल्या माणसांना त्या जागेचा वास न सांगता कळेल. हाही बालविवाहच होता, तो मी गोड करून सांगणार नाही. बाबासाहेबांनी पुढे आपल्या समाजाला नेमकं हेच टाळायला सांगितलं. पण पेशव्यांच्या वाड्यातल्या बालविवाहाला मराठी साहित्याने साज चढवला आणि मासळी बाजारातल्या लग्नाकडे कित्येक वर्षं ढुंकूनही पाहिलं नाही, हा फरक सांगायलाच हवा.

शेवटचं उदाहरण आपल्याला टोचणारं आहे. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेब आणि डॉ. शारदा कबीर यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन प्रौढ, सुशिक्षित माणसं, वेगळ्या जातींची, पूर्ण संमतीने. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली होती, त्यांना काळजी घेणारं माणूस हवं होतं, आणि हे त्यांनी लपवलं नाही. म्हणजे यातही सोय होती. पण दोघांनी डोळे उघडे ठेवून मान्य केलेली. त्याच काळात त्यांनी संविधानाचं काम तडीस नेलं, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला, आणि १९५६ च्या दीक्षेला त्या शेजारी उभ्या होत्या. आणि चळवळीने मैसाहेबांना काय दिलं? संशय, वर्षानुवर्षं एकटेपणा, "बामणीण" म्हणून शिव्या. कथेतल्या नायिकेच्या सोयीच्या लग्नावर रडणारा समाज स्वतःच्या नेत्याच्या समंजस लग्नाला माफ करू शकला नाही. बाईवर संशय घेणं ही ब्राह्मण्याची सवय आहे. ती निळ्या झेंड्याखाली आली म्हणून आंबेडकरी होत नाही.

मग काय करायचं?

मुलींच्या हातातला मोबाइल काढून घ्यायचा? मुळीच नाही. कुणाला काय वाचायचं ते सांगणारे ठेकेदार आपल्याला नकोत. पण वाचताना चार प्रश्न विचारायची सवय लावू. या वाड्याचा पैसा कुठून आला? लग्नाने सोय कुणाची झाली? नायिकेला नाही म्हणता आलं असतं का, आणि म्हटलं असतं तर पोटाला काय होतं? आणि या पानांत आपली माणसं कुठे आहेत. उभी आहेत की नुसती मशाल धरून आहेत? हे चार प्रश्न विचारणारी मुलगी 'स्वामी' वाचो की मोबाइलवरची मालिका, तिला कुणी फसवू शकत नाही.

दुसरं, स्वतःच्या लग्नांकडे बघू. आज आपल्या वस्त्यांमध्ये लग्नासाठी फायनान्स कंपनीचं, बचत गटाचं, पतपेढीचं कर्ज काढलं जातं. राजेशाही सेट, फेटे, तलवारी, किल्ल्यावर जाऊन काढलेले प्री-वेडिंग फोटो. पाच वर्षं हप्ते. ज्या पेशवाईच्या थाटात आपल्याला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागत होतं, तोच थाट भाड्याने आणून आपण मिरवतो आणि त्यासाठी कर्जात जातो. लग्नगडी हा शब्द इतिहासजमा झाला म्हणून त्यातली गोष्टही संपली असं नाही. मालक बदलला, हप्ता बदलला. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, वीस माणसांत, नोंदणी करून लागलेलं लग्न कमी प्रतीचं नसतं. ते सत्यशोधक परंपरेचं लग्न असतं.

तिसरं आणि सगळ्यांत निकडीचं. विक्रमगड, डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर अजून अशी म्हातारी माणसं आहेत ज्यांनी आपल्या आईबापांकडून लग्नगड्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत. कुठला मालक, किती रुपये, किती वर्षं, मोकळं कोण करायला आलं, त्या दिवशी आईने काय केलं. बोईसर-पालघरच्या कॉलेजांतल्या पोरापोरींनी सुट्टीत वही आणि मोबाइल घेऊन तिथे जावं. हात जोडून विचारावं, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावं, आणि नाव छापायची परवानगी मागूनच छापावं. ही माणसं गेली की ही गोष्ट सरकारी अहवालाच्या चार ओळींत उरेल.

मग त्यातून कुणीतरी कादंबरीही लिहील. आणि ती प्रेमकादंबरीच असेल, का नसावी? लग्नासाठी गुलाम झालेली दोन माणसं, मालकाच्या गोठ्यात झोपणारी, एका सकाळी मोकळी होतात आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराकडे चालू लागतात. त्यांनी एकमेकांना काय म्हटलं असेल? मराठीतली सगळ्यात मोठी प्रेमकथा त्या वाटेवर आहे. ती शनिवारवाड्यातून जात नाही.

जय भीम! जय जोहार!